वहिवाट

कासलबार, ५ एप्रिल २०२०

देवदत्त,

वर आधी 'सप्रेम' लिहिलं होतं, मग खोडलं. ईमेलमध्ये खोडलेलं दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

फोनवर तू ओरडतोस, मी उलट ओरडले की फोन ठेवतोस. म्हणून आजपासून जे काय ते लिहून. वाचायचं असेल तर वाच.

फेब्रुवारीत तू सांगितलंस, "पंधरा दिवसांत येतो, गावच्या जमिनीची तारीख आहे, तेवढं बघ." इथलं घर, शेत, विमा, बँक, सगळ्याचं मुखत्यारपत्र घरात बायको असताना माझ्या, कॉलेजच्या मैत्रिणीच्या, नावाने केलंस. सॉलिसिटरच्या ऑफिसात मी तुला दोनदा विचारलं होतं, निहारिकाच्या नावाने का नाही? "तिला सांगितलंय. ती या कटकटीत पडायला नको म्हणाली," हे तुझं उत्तर. आता विमानं बंद झाली, तू तिकडे अडकलास, आणि गेल्या आठवड्यात छपराच्या पत्र्यासाठी तिने विमावाल्यांना फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "सॉरी मॅडम, याबद्दल आम्हाला वसुधा यांच्याशीच बोलता येईल."

म्हणजे तू तिला सांगितलंच नव्हतंस.

मी संध्याकाळी गेले तेव्हा तिने मला आत घेतलं, चहा केला आणि समोर ठेवताना म्हणाली, "वसुधाताई, साखर किती घालायची तेही तुम्हीच ठरवा. अधिकार तुमचा आहे."

मी साखर न घालता प्यायले. तुझ्या बायकोशी माझं कधीच फारसं जमलं नाही, हे तुला माहीत आहे. पण त्या संध्याकाळी चूक तिची नव्हती आणि बोलणी मात्र दोघींना खावी लागली, एकमेकींची.

तू विचारलेल्या गोष्टी. तुझी स्वराली बरी आहे. मी मराठीत विचारते, ती "आय'म ग्रँड, वसुधामावशी" म्हणते आणि परत टॅबलेटमध्ये डोकं घालते. निहारिकाची फार्मसी चालू आहे, तिला रोज जावं लागतं. आल्यावर ती मागच्या खोलीत वेगळी झोपते, तुझ्या आईला लागण होऊ नये म्हणून. काकू ख्रिसमसला आल्या त्या अडकल्या, पण धीराच्या आहेत. घराच्या मागे मेथी पेरली आहे. शेजारच्या म्हाताऱ्या नोरा डर्कनच्या कोंबड्या येऊन ती उकरतात आणि काकू दारात उभ्या राहून तिला अस्सल सातारी शिव्या घालतात. नोराला वाटतं गुड मॉर्निंग म्हणतायत. ती हात हलवते.

दोन किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी आहे. तुझं घर माझ्यापासून पाच किलोमीटरवर. प्रत्येक वेळी नाक्यावरच्या पोलिसाला सांगते, म्हाताऱ्या बाईंना औषध द्यायला चाललेय. खोटं नाही, पण दर वेळी ते सांगताना मला तुझा राग येतो.

आणि तुझा तो प्रश्न. हो, डर्कन मायलेक आपल्या बोरीनमधूनच जातात-येतात. बोरीन म्हणजे इथल्या आयरिश लोकांची ती दोन दगडी बांधांमधली अरुंद वाट, तुला माहीत आहे, मी तुझ्यासाठी लिहीत नाही, माझी चीड मोकळी करायला लिहितेय. त्यांचं घर तुझ्या शेतामागे. आपल्या अंगणाजवळून गेलं की लगेच मोठा रस्ता. दुसरी वाट खालून, तळ्याच्या कडेने. शेमस डर्कन साठीचा आहे, लग्न केलेलं नाही, आईला सांभाळतो. निहारिका कामावर असते तेव्हा तो दारात दूध आणि ब्रेड ठेवून जातो. बेल न वाजवता.

तू म्हणालास, किती वेळा जातात ते बघ आणि फोटो काढून पाठव.

मी फोटो काढणार नाही.

वसुधा


कासलबार, २१ जून २०२०

देवदत्त,

तुझं गेट लागलं. लोखंडी, कुलपासकट. फोटो हवे होते ना, जोडले आहेत.

महिनाभर तू रोज एकच पालुपद लावलंस. नकाशावर ती वाट नाही. आज जाऊ दिलं तर उद्या हक्क सांगतील. पुढे कधी विकायचं झालं तर कोण घेईल असली जमीन. बांध एकदा कोरू दिला की माणूस घरात शिरतो. शेवटी, "तुला जमत नसेल तर तसं सांग, मी दुसऱ्या कुणाला तरी नेमतो." मला वाटलं, दुसरा कुणी नेमलास तर तो काय काय करेल कुणास ठाऊक. म्हणून मीच केलं. आठवड्यापूर्वी, शनिवारी सकाळी, निहारिका ड्यूटीवर असताना. ती घरी असती तर तिने लावू दिलं नसतं. हे मला ठाऊक होतं, तुलाही ठाऊक होतं, म्हणूनच मुखत्यारपत्र माझ्या नावाने आहे. एवढं कळायला मला चार महिने लागले.

वेल्डिंग चालू असताना शेमस पलीकडून आला. हातात दुधाची कॅन होती. मग म्हणाला, "युवर मॅनने सांगितलं का हे?"

इथे युवर मॅन म्हणजे माझा नवरा नव्हे, तो अमुक माणूस, ज्याचं नाव घ्यायची इच्छा नाही असा.

मी हो म्हटलं.

"ग्रँड, सो," तो म्हणाला आणि कॅनसकट परत गेला. इथे ग्रँडचे वीस अर्थ होतात, 'मस्त'पासून 'संपलं'पर्यंत. हा शेवटचा होता.

त्यानंतर दारात दूध येत नाही, हे सांगायला नको. निहारिका दुकानात गेली की लोक हवेबद्दलही बोलत नाहीत. तू पाच वर्षं इथे काढलीस, या देशात कुणी हवेबद्दल बोलायचं थांबवणं म्हणजे काय ते तुला कळेल. कोपऱ्यावरच्या पोस्टातल्या बाईने काल तिला सुटे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवले. कोविडमुळे असेल, असं मी म्हटलं. निहारिका म्हणाली, "ताई, माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाला तिने हातात दिले."

गेट लागलं त्या दिवशी संध्याकाळी ती आली, ते पाहिलं, गाडीतून उतरलीच नाही. काच खाली करून मला म्हणाली, "माझ्या मुलीला इथे शाळेत जायचंय. तुम्हाला नाही, त्यालाही नाही." मग गाडी आत घेतली.

कोंबड्या येत नाहीत म्हणून मेथी जोरात आली आहे. काकूंनी ती अजून खुडलेली नाही.

किल्ल्या दोन आहेत. दोन्ही माझ्याकडे.

वसुधा


कासलबार, १ नोव्हेंबर २०२०

देवदत्त,

चौकशी केली. दोहामार्गे विमानं चालू आहेत. मी काम करते त्या प्लांटमधला एक इंजिनिअर गेल्या महिन्यात नागपूरहून परत आला. म्हणजे आता तू अडकलेला नाहीस. तू थांबला आहेस. तुझं चेरीवूडचं ऑफिस तुला तिथून काम करू देतंय, आई इथे, बायको-मुलगी इथे, आणि त्यांचं बघायला वसुधा आहेच. मग कशाला यायचं?

का थांबला आहेस, तेही आता कळलं.

पुन्हा लॉकडाऊन लागलंय म्हणून परवा काकूंचा रक्तदाब मोजायला गेले होते. पाऊस आठ दिवस हटलेला नाही. तळ्याकडची खालची वाट पाण्याखाली गेली आहे. खिडकीतून शेमस दिसला, गमबूट घालून, पोटरीएवढ्या पाण्यातून सामानाच्या पिशव्या नेत होता. काकू बघत होत्या. मग मला म्हणाल्या,

"तुला म्हाईत हाय का, देवा कशापायी बसलाय तिकडं?"

"वाटणीची केस आहे ना, काकू?"

"कसली वाटणी? वाटणी कवाच झाली. वाट पायजे त्याला. वाट! पुरुषोत्तमच्या रानातनं आमच्या मळ्याला जायाची वाट हाय. माझ्या सासऱ्याच्या बापापासनं. औंदा पुरुषोत्तमनं जेसीबी लावून उकरून टाकली. आता देवा तहसीलदाराकडं खेटं घालतोय, आमची वहिवाट हाय म्हनून."

मी त्यांच्या दंडाला पट्टा तसाच लावून बसले.

"आन् हितं," काकू म्हणाल्या, "हितं दुसऱ्याच्या वाटंला कुलूप घालतोय. म्या फोनवर म्हनलं त्याला. म्हनला, आई, ते येगळं हाय."

काय वेगळं आहे, देवदत्त? मला समजावून सांग. तिथे चुलत भाऊ पुरुषोत्तम हरामखोर, कारण त्याने पिढ्यानपिढ्यांची वाट बंद केली. इथे शेमस डर्कन हरामखोर, कारण तो पिढ्यानपिढ्यांच्या वाटेने चालतो. दोन्हीकडे हरामखोर समोरचाच.

सांगलीच्या हॉस्टेलवर आम्ही सगळे तुला भांडखोर म्हणायचो आणि मी म्हणायचे, भांडतो, पण दुसऱ्यासाठी. मेसवाल्याशी भांडलास, रेक्टरशी भांडलास, माझ्या प्रोजेक्टचे मार्क कापले तेव्हा एचओडीच्या केबिनमध्ये घुसलास. मी त्या मुलाला ओळखत होते. त्याच्या शब्दाखातर मी सही केली. त्याचा पत्ता मिळाला तर कळव.

येत नसशील तर निदान कुलूप काढायला सांग. एक ओळ पुरे.

वसुधा


कासलबार, २४ जानेवारी २०२१

देवदत्त,

तुझा फोन काल मी मुद्दाम उचलला नाही. काय झालं ते तुला स्वरालीकडून अर्धंमुर्धं कळलंय. पूर्ण हे घे.

नोरा डर्कन गुरुवारी गेली. कोविड नव्हता. म्हातारपण. त्याच दुपारी शेमस गेटच्या पलीकडे येऊन उभा राहिला. निहारिकाने मला फोन करून बोलावलं, कारण किल्ली माझ्याकडे. मास्कवरून त्याचे डोळे लाल दिसत होते. जूननंतर तो पहिल्यांदा माझ्याशी बोलत होता.

म्हणाला, खालची वाट पाण्यात आहे. जळणासाठी पीटची माती काढतात त्या माळावरून एक लांबची वाट निघते, पण तिथे चिखल आहे, शवपेटी न्यायची म्हणजे ट्रॅक्टरवर बांधावी लागेल. "माय मदर ट्रॅक्टरवरून जाणार नाही. ती लग्न होऊन या बोरीनमधून आली होती. शनिवारी सकाळी तासाभरासाठी गेट उघडाल का?"

मी म्हटलं, विचारून सांगते. त्याच्यासमोर हे म्हणताना मी कुणाची तरी कारकून वाटत होते.

तुला फोन केला. तू काय म्हणालास ते मी विसरले नाही, तुला विसरायचं असेल म्हणून लिहून ठेवते. "मयत एकदा गेलं की वाट कायमची पडते. आपल्याकडे तसंच आणि तिकडेही तसंच, मी वाचलंय. अजिबात उघडायचं नाही. माळावरून न्या म्हणावं." मी म्हटलं, देवदत्त, मेलीय ती. तू म्हणालास, "म्हणूनच सांगतोय."

शनिवारी मी सकाळीच गेले. जायलाच हवं होतं असं नाही. किल्ली घरी ठेवून दार लावून बसू शकले असते. कोटाच्या खिशात घेऊन गेले, यावरून तुला काय समजायचं ते समज.

अंत्यविधीला दहाच माणसं चालतात सध्या. म्हणून बाकी सगळा गाव मोठ्या रस्त्यावर उभा होता, अंतर सोडून, एकेक जण आपापल्या फाटकाशी, टोप्या काढून. पाऊस नव्हता, पण गारठा हाडात शिरत होता. शववाहिका आपल्या अंगणाच्या तोंडाशी थांबलेली. मग बोरीनमधून शेमस आणि त्याचे भाचे खांद्यावर पेटी घेऊन येताना दिसले. त्यांना मी उत्तर दिलंच नव्हतं. ते तरीही आले होते.

गेटाशी येऊन थांबले. पेटी खाली ठेवली नाही. शेमसने माझ्याकडे पाहिलंही नाही, तो नुसता कुलपाकडे बघत उभा होता. मागे पाद्री. रस्त्यावरचा सगळा गाव आमच्याकडे बघतोय. मी खिशात हात घातलेला आणि तो हात बाहेर येईना. तुझी सही, तुझा शब्द, वीस वर्षांची मैत्री, कायदा, काय काय त्या हाताला धरून बसलं होतं.

मागचं दार वाजलं. काकू. स्वेटरवर स्वेटर, डोक्यावरून पदर, पायात स्वरालीचे गुलाबी गमबूट.

"वसुधा, किल्ली आन."

"काकू, देवदत्त नको म्हणालाय."

"त्यो मला इचारून म्हनला का? मयताला आडवं जातंय व्हय कुनी? आगं, दावेदाराचं मयत असलं तरी मानूस दार उघडतो, हात जोडतो. ह्या बाईच्या कोंबड्यांनी माझी मेथी खाल्ली, म्या तिला लई शिव्या दिल्या. त्या शिव्या ती जित्ती असताना. आन ती किल्ली."

निहारिका त्यांच्या मागे उभी होती, फार्मसीच्या युनिफॉर्मवर जॅकेट घालून. हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही देत नसाल तर शेडमध्ये ग्राइंडर आहे. मी कापते. पण सगळ्यांसमोर कापावं लागू नये."

मी किल्ली काकूंच्या हातात दिली.

थंडीने त्यांची बोटं आखडली होती, कुलूप लवकर उघडेना. पेटी खांद्यावर घेऊन ती माणसं उभी. शेवटी निहारिकाने त्यांच्या हातावर हात ठेवून किल्ली फिरवली. गेट उघडलं, काकू बाजूला झाल्या, हात जोडले. पेटी त्यांच्या समोरून गेली. भाच्यांपैकी एक रडत होता, तो काकूंना "थँक्यू, मिसेस" म्हणाला. काकू मला म्हणाल्या, "काय म्हनला?" मी सांगितलं. "बरं," म्हणाल्या, आणि पेटी रस्त्याला लागेपर्यंत हात खाली घेतले नाहीत.

शववाहिका गेली, लोक घरोघर पांगले. स्वराली खिडकीतून सगळं बघत होती. आम्ही आत आलो तर आजीला म्हणाली, "आजी, यू वर डेडली." इथल्या पोरांत हा मोठा मान आहे. काकूंना शब्दशः अर्थ, जीवघेणी, सांगितला तर म्हणाल्या, "मरणाच्या दिवशी असलं काय बोलती?"

गेट आता उघडं आहे. कुलूप कड्यालाच अडकवून ठेवलंय. लावायचं असेल तर तू ये.

वसुधा


कासलबार, १४ मार्च २०२१

देवदत्त,

तुझं पत्र वाचलं. दोनदा, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

मी तुझं घर तुझ्याविरुद्ध फितवलं. मी तुझ्या आईच्या म्हातारपणाचा फायदा घेतला. "स्वतःचा संसार झाला नाही म्हणून माझा चालवायला घेतलास." हे वाक्य लिहिताना थोडा तरी थांबलास का, की एका दमात आलं?

उत्तर देते. संसार झाला नाही, खरं आहे. तुझा चालवायला घेतला, तेही खरं, कारण तू तो माझ्या दारात ठेवून निघून गेलास. वर्षभर रविवारी तुझ्या मुलीला गणित कोण शिकवतंय? काकूंना डॉक्टरकडे नेलं ते कुणी? गेल्या हिवाळ्यात तुमचा बॉयलर बंद पडला तेव्हा निहारिका आणि मी शेडमध्ये टॉर्च धरून बसलो होतो, तू फोनवर मॉडेल नंबर विचारत होतास. निहारिका आणि मी अजूनही मैत्रिणी नाही. पण आता ती मला चहात साखर घालून देते आणि मी विचारत नाही किती घातली.

आता कामाचं.

सॉलिसिटरला भेटले. त्यांचं म्हणणं, नकाशावर वाट नसली तरी डर्कन घराणं पिढ्यानपिढ्या तिथून चालत आलंय, कोर्टात गेलास तर हरशील. आणि घर विकायचं तुझ्या मनात असेल तर इथे राहत्या घराला बायकोची लेखी संमती लागते. हे तुला आधीच माहीत असणार. निहारिकाने मला सांगितलंय तुला जसंच्या तसं कळवायला, म्हणून कळवते: "मी संमती देणार नाही. मी आणि स्वराली इथेच राहणार आहोत. त्याला राहायचं असेल तर त्याने यावं, आपलं घर म्हणून यावं. मोजणीला येऊ नये."

मुखत्यारपत्र मी सोडलं. रद्द केल्याचा कागद सॉलिसिटर तुला पाठवतील. किल्ल्या निहारिकाकडे दिल्या. इथून पुढे तुझ्या जमिनीचा आणि माझा संबंध नाही. काकूंकडे आणि स्वरालीकडे मी येत-जात राहीन, त्याला तुझी परवानगी लागत नाही.

तू शेवटी लिहिलंयस, "मी स्वतः येऊन कुलूप लावीन, बघतो कोण अडवतो." ये. वर्षभर मी हेच म्हणतेय, ये.

वसुधा


कासलबार, १९ सप्टेंबर २०२१

देवदत्त,

काकू तुझ्याबरोबर गावी सुखरूप पोहोचल्याचं निहारिकाने सांगितलं. त्यांच्या गोळ्या बदलल्या आहेत, नवीन चिठ्ठी त्यांच्या पर्समध्ये डाव्या कप्प्यात आहे, जुनी देऊ नकोस.

हे शेवटचं पत्र. तू इथे दोन आठवडे होतास आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस, म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहिते.

तू ऑगस्टच्या अखेरीस आलास. लस, टेस्ट, कागद, सगळं पार पाडून. तुझ्या बॅगेत नवीन कुलूप होतं, पितळी, गावाहून आणलेलं. हे मला स्वरालीने सांगितलं. तिला वाटलं बाबाने तिच्या सायकलसाठी आणलंय. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी काकूंचे रिपोर्ट द्यायला आले होते. अंगणात गाडी लावली तर तू गेटाशी उभा, हातात कुलूप, आणि निहारिका स्वयंपाकघराच्या दारात. ती तुला अडवत नव्हती. नुसती बघत होती. तिने आदल्या दिवशीच तुला सांगितलं होतं म्हणे, "तू ते लावलंस तर मी काढणार नाही. पण मग तू या घरात राहणार नाहीस."

आणि तेव्हाच डर्कन मंडळी बोरीनमधून आली. नोराच्या थडग्यावर त्या सकाळी दगड बसवायचा होता. या वेळी माणसांची मर्यादा नव्हती, सगळे नातेवाईक, पोरंबाळं, पुढे शेमस. तुला पाहिलं आणि तो थांबला.

मला वाटलं, आता होणार.

शेमसने टोपी काढली. दीड वर्ष या देशात कुणी कुणाशी हात मिळवला नव्हता. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "जानेवारीत तू जे केलंस ते आम्ही विसरणार नाही. तिकडे इंडियात, तुझ्या स्वतःच्या अडचणीत असताना तू फोन करून गेट उघडायला सांगितलंस. माझी आई तिच्या वाटेने गेली. गॉड ब्लेस यू, डेव्ह."

तू माझ्याकडे पाहिलंस. त्या दोन आठवड्यांत तेवढंच एकदा.

हो. मी सांगितलं होतं. अंत्ययात्रेनंतर शेमस आभार मानायला आला, त्याने विचारलं, युवर मॅन तयार झाला का शेवटी? आणि मी म्हटलं, हो, त्याचा सकाळी फोन आला, तो म्हणाला उघडा. तुझ्यासाठी सांगितलं नाही, गैरसमज करून घेऊ नकोस. स्वरालीला या गावात वाढायचंय. निहारिकाला रोज या लोकांना औषधं द्यायची आहेत. त्यांच्या घरातला पुरुष मयताला आडवा गेला, हे इथे पन्नास वर्षं लक्षात राहिलं असतं. नातवंडांनाही ऐकवलं असतं.

मला वाटलं होतं, तू सांगशील. तू भांडखोर होतास, पण खोटा नव्हतास. "मी नाही सांगितलं, मी नको म्हणालो होतो," असं तू म्हणशील आणि मग जे व्हायचं ते होईल. मी त्याची तयारी करून उभी होते.

तू कुलूप डाव्या हाताने पाठीमागे नेलंस. मग खिशात टाकलंस. उजवा हात पुढे केलास आणि म्हणालास, "नॉट अ बॉदर, शेमस." त्यात काय एवढं, म्हणे. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायका एकेक करून पुढे आल्या. एकीने तुझा हात दोन्ही हातांत धरला. तू मान खाली घालून उभा राहिलास आणि सगळ्यांचे आभार घेतलेस. सगळ्यांचे, देवदत्त. एकही परत केला नाहीस.

त्या क्षणी मला तुझी इतकी किळस आली की मी रिपोर्ट निहारिकाच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून निघून आले. घरी पोहोचेपर्यंत मात्र दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मला हसू आलं. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून हसले.

त्या वाटेला आता तू कुलूप लावू शकत नाहीस. कोर्टाचं तू ऐकलं नसतंस, बायकोचं नसतं, आईचं नसतं, माझं तर नाहीच. पण इतक्या माणसांच्या हातात हात देऊन तू ती वाट दिलीस. आता लावलंस तर शेमसला काय सांगशील?

तू काकूंना घेऊन गेलास. निहारिका आणि स्वराली इथे राहिल्या. तू पुन्हा कधी येणार ते तुझं तू निहारिकाशी ठरव, मला कळवू नकोस. तहसीलदाराने तुझ्या मळ्याची वाट मोकळी केल्याचं कळलं. अभिनंदन करावंसं वाटलं नाही, पण निकाल बरोबर आहे.

काल शेमस दुधाची कॅन घेऊन जाताना भेटला. म्हणाला, "युवर मॅन चांगला माणूस आहे."

मी म्हटलं, "आज हवा छान आहे."

इथे तुझं नाव चांगलं आहे, देवदत्त. ते मी केलंय आणि परत मागणार नाही. पण ते तुझं आहे असं मात्र कधी समजू नकोस.

वसुधा